इंग्रजीत ‘चला, करू या’ कसे म्हणावे

काही वर्षांपूर्वी एका इंग्रज सहकारी बाईंना मी ई-मेलमध्ये लिहिले, ‘वुई विल मीट द क्लायंट ऑन ट्यूजडे.’ माझ्या मनातले ‘वुई’ म्हणजे आम्ही, पुण्याच्या कार्यालयातले तिघे. त्यांनी वाचलेले ‘वुई’ म्हणजे आपण सगळे. मंगळवारची आपली दुसरी बैठक त्यांनी पुढे ढकलली, सादरीकरण तयार केले आणि सोमवारी संध्याकाळी बैठकीची लिंक अजून का आली नाही, असे मला विचारले. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, तरी त्यांचा दीड दिवस वाया गेला. शिवाय त्या वाक्यात मी काही सुचवत होतो, ठरवत होतो की नुसते कळवत होतो, हेही त्यांना त्यातून समजण्यासारखे नव्हते.

‘गाडी चुकू नये म्हणून लवकर निघू या’, ‘पुढच्या महिन्यात सगळे भेटू या का’, ‘आपण तेव्हाच घर घेतले असते तर’ अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो. त्यांतली एक सूचना, दुसरा प्रस्ताव आणि तिसरी हळहळ असते. मराठीत हे क्रियापदाच्या रूपावरून लगेच कळते. इंग्रजीत क्रियापदाची रूपे थोडी असल्यामुळे हेच काम वाक्याच्या घडणीला करावे लागते. इंग्रज किंवा अमेरिकी माणूस एखादी घडण निवडतो तेव्हा समोरच्याला ‘नाही’ म्हणायला किती जागा ठेवायची, हेही तो ठरवत असतो. ही जागा मोजायला शिकणे हा या लेखाचा खरा विषय आहे आणि पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: ‘वुई’मध्ये कोण कोण आहे ते ठरवा

मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असा स्वच्छ भेद आहे. गुजराती, तेलुगू आणि तमिळ या भाषांतही तो आहे, इंग्रजीत मात्र दोहोंना एकच ‘वुई’ आहे. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मनात मराठीत म्हणून पाहावे. ‘आम्ही’ आले, तर आपण कोण ते नावानिशी लिहावे: ‘द पुणे टीम विल मीट द क्लायंट’ किंवा ‘थ्री ऑफ अस फ्रॉम पुणे विल मीट देम’. ‘आपण’ आले, तर ‘यू अँड आय’, ‘बोथ टीम्स’ किंवा ‘ऑल ऑफ अस’ असे म्हणून समोरच्याला वाक्यात घ्यावे. अशा ठिकाणी दोन शब्द जास्त गेले तरी चालतात.

‘वुई’चा आणखी एक वापर आहे, जो आपल्याला चकवतो. रुग्णालयातली परिचारिका रुग्णाला ‘हाऊ आर वुई फीलिंग टुडे?’ असे विचारते, तेव्हा ती स्वतःच्या प्रकृतीबद्दल बोलत नसते. वर्गात गडबड चालू असताना शिक्षिका ‘कॅन वुई कीप द नॉइज डाउन?’ म्हणतात, तेव्हा गप्प बसायचे असते ते मुलांनी. कार्यालयात वरिष्ठ ‘वुई नीड टु फिनिश धिस बाय फ्रायडे’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ‘शुक्रवारपर्यंत तुम्ही हे संपवा’ हाच त्याचा अर्थ असतो. हा समूहाचा प्रस्ताव नव्हे, सौम्य केलेली आज्ञा आहे. तिला ‘लेट्स सी’ असे उत्तर दिले, तर ते उर्मटपणाचे वाटेल.

दुसरी पायरी: ‘लेट्स’ नीट ओळखा

मराठीतल्या ‘जाऊ या’, ‘बसू या’ या रूपांना सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द ‘लेट्स’ हा आहे. ‘लेट अस’ हे त्याचे मूळ रूप असले, तरी आजच्या वापरात हे दोन वेगळे झाले आहेत, आणि जो भेद ‘वुई’ दाखवत नाही तो इंग्रजीने नेमका येथे जपला आहे. ‘लेट्स गो’ म्हणजे ‘चला, आपण जाऊ या’. ‘लेट अस गो’ असे सुटे आणि ‘अस’वर भर देऊन म्हटले, की त्याचा अर्थ ‘आम्हाला जाऊ द्या’ असा होतो. पहिल्या वाक्यात ऐकणारा आपल्याबरोबर आहे, दुसऱ्यात तो आपल्या वाटेत उभा आहे. ‘लेट’चा मूळ अर्थ ‘मोकळे सोडणे, होऊ देणे’ असाच आहे, त्यामुळे सुट्या रूपात परवानगीचा अर्थ टिकून राहिला. (भारतीय पारपत्राच्या आतल्या पानावर ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ असे शब्द आहेत. तेथला ‘लेट’ निराळा आहे, त्याचा अर्थ ‘अडथळा’. उच्चार एकच असलेले हे दोन जुने शब्द एकमेकांच्या अगदी उलट अर्थाचे आहेत.)

याला एक अपवाद आहे. प्रार्थना, भाषण अशा गंभीर प्रसंगी ‘लेट अस’ हे सुटे रूपही ‘आपण करू या’ याच अर्थाने येते. चर्चमध्ये ‘लेट अस प्रे’ म्हणतात. 20 जानेवारी 1961 रोजी जॉन केनेडी यांनी अध्यक्षपदाच्या शपथविधीच्या भाषणात म्हटले, ‘लेट अस नेव्हर निगोशिएट आउट ऑफ फिअर, बट लेट अस नेव्हर फिअर टु निगोशिएट.’ भीतीपोटी वाटाघाटी नकोत, पण वाटाघाटींची भीतीही नको, असे ते साऱ्या देशाला आपल्यात धरून सांगत होते. व्यासपीठावरचे हे रूप जेवणाच्या सुट्टीत वापरले, तर मात्र ते अवघडलेले वाटते.

नकार करायचा असेल तर ‘लेट्स नॉट’ हे रूप सर्वत्र चालते: ‘लेट्स नॉट वेट’. जुन्या वळणाच्या ब्रिटिश बोलण्यात ‘डोन्ट लेट्स’ ऐकू येते, ते समजले म्हणजे पुरे, स्वतः वापरण्याची गरज नाही. लिहिताना ‘लेट्स’मधले वरचे स्वल्पविराम चिन्ह विसरू नये, कारण त्यावाचून तो ‘परवानगी देतो’ या अर्थाचा वेगळा शब्द होतो.

‘लेट्स’ने मनमोकळेपणा दिसतो खरा, पण त्यात एक गृहीतही आहे. ऐकणारा तयारच आहे असे धरून ते बोलले जाते. बरोबरीच्या मित्रांत याने काही बिघडत नाही. नव्याने ओळख झालेल्या माणसाला, वरिष्ठाला किंवा ग्राहकाला ‘लेट्स मीट टुमॉरो’ असे लिहिले, तर त्याच्या सोयीचा विचार आपणच करून टाकल्यासारखे होते. मराठीत आपण ‘उद्या भेटू या’ असे सहज म्हणतो, कारण ‘या’चा आर्जवी सूर ते वाक्य सावरून घेतो. कागदावरच्या ‘लेट्स’ला तो सूर नाही. तेव्हा शेवटी ‘शॅल वुई?’ जोडावे: ‘लेट्स स्टार्ट, शॅल वुई?’ याचा भाव ‘सुरू करू या ना?’ यापेक्षा वेगळा नाही.

तिसरी पायरी: विचारून सुचवा

शुक्रवारी संध्याकाळी पाच सहकारी कार्यालयाच्या दारात उभे आहेत आणि जेवायला कुठे जायचे ते ठरलेले नाही. इंग्रजीत असा प्रसंग सहसा प्रश्नांवर चालतो. एक जण म्हणतो, ‘शॅल वुई ईट समव्हेअर निअर बाय?’ दुसरी म्हणते, ‘वुई कुड ट्राय द थाई प्लेस.’ तिसरा म्हणतो, ‘व्हाय डोन्ट वुई जस्ट ऑर्डर इन?’ चौथीचे ‘हाऊ अबाउट पिझ्झा?’ येते, आणि पाचवा घड्याळाकडे पाहून म्हणतो, ‘वुई माइट अॅज वेल गो होम.’ पाचही सूचनाच आहेत, पण प्रत्येकीचे वजन वेगळे आहे.

‘शॅल वुई’ म्हणजे ‘करू या का?’ निर्णय ऐकणाऱ्यांच्या हाती देणारे हे सभ्य रूप आहे. ब्रिटनमध्ये ते रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत ते थोडे औपचारिक वाटते आणि त्याच्या जागी बऱ्याचदा ‘शुड वुई’ येते. त्याला उत्तर ‘येस, लेट्स’ असे द्यावे. ‘येस, वुई शॅल’ हे उत्तर व्याकरणात बसले, तरी ते प्रतिज्ञा केल्यासारखे वाटते.

‘वुई कुड’ हे सर्वांत हलके आहे: ‘असेही करता येईल.’ सुचवणाऱ्याने एक पर्याय समोर ठेवला आहे, त्याचा आग्रह नाही. कोणी दुसरे सुचवले तरी त्याला वाईट वाटत नाही. ‘वुई कुड ऑलवेज टेक अ कॅब’ या वाक्यातल्या ‘ऑलवेज’चा ‘नेहमी’शी काही संबंध नाही. ‘काहीच जमले नाही तर टॅक्सी आहेच’ असा त्याचा भाव आहे.

‘व्हाय डोन्ट वुई’ येथे मराठी माणूस सर्वाधिक अडखळतो, म्हणून थोडे थांबू. शब्दशः ते ‘आपण का करत नाही?’ असे दिसते, आणि त्यामुळे काही जण त्याचे कारण सांगू लागतात. ‘व्हाय डोन्ट वुई आस्क हर?’ याचा अर्थ मात्र ‘तिलाच विचारू या की’ असा आहे. त्या वाक्यात जो ‘की’ आहे, तोच या इंग्रजी घडणीत आहे. याला ‘बिकॉज’ने उत्तर द्यायचे नसते. पटले तर ‘गुड आयडिया’ म्हणावे, पटले नाही तर अडचण सांगून दुसरा पर्याय द्यावा. काळ बदलला की अर्थही पालटतो. ‘व्हाय डिडन्ट वुई आस्क हर?’ ही सूचना नसून ‘आपण तिला विचारले का नाही?’ असा पश्चात्ताप किंवा दोषारोप आहे. ‘डोन्ट’ आणि ‘डिडन्ट’ यांच्या उच्चारातला फरक घाईत पुसला जातो, तेवढा मात्र काळजीने करावा.

‘हाऊ अबाउट’पुढे नाम येते किंवा क्रियापदाचे ‘इंग’ लागलेले रूप: ‘हाऊ अबाउट गोइंग बाय ट्रेन?’ अनौपचारिक बोलण्यात ‘हाऊ अबाउट वुई गो बाय ट्रेन?’ असेही म्हणतात, पण ‘हाऊ अबाउट टु गो’ हे चूकच आहे. ‘व्हॉट अबाउट’ पुष्कळदा त्याच अर्थाने येते. मात्र ते राहिलेली गोष्ट आठवण करून देण्यासाठीही वापरतात: ‘व्हॉट अबाउट द चिल्ड्रन?’ म्हणजे ‘अहो, पण मुलांचे काय?’

‘वुई माइट अॅज वेल’ म्हणजे ‘आता एवढे झालेच आहे, तर तेही करून टाकू’. यात उत्साह नसतो. आपल्या घरी जेवायला आलेला पाहुणा ‘आणखी थोडे घ्या’ यावर ‘आय माइट अॅज वेल’ म्हणाला, तर यजमानाला ते लागेल. उलट ‘वुई हॅड बेटर’ हे दिसते तेवढे सौम्य नाही. ‘बेटर’ हा शब्द पाहून ‘असे केले तर जास्त चांगले’ असा अर्थ आपण घेतो, पण त्यात इशारा आहे: ‘वुई हॅड बेटर लीव्ह’ म्हणजे ‘आता निघालेलेच बरे, नाहीतर पंचाईत होईल’. समूहाबद्दल बोलताना ते ठीक आहे, पण ‘यू हॅड बेटर’ असे वडीलधाऱ्यांना किंवा वरिष्ठांना कधीही म्हणू नये, कारण ते धमकीसारखे वाटते.

चौथी पायरी: संकोचाच्या जागी भूतकाळ वापरा

‘आय वॉज वंडरिंग इफ वुई कुड मूव्ह द मीटिंग’ हे वाक्य पाहून अनेकांना प्रश्न पडतो की विनंती आताची असताना भूतकाळ कशाला. मराठीत आपण हेच करतो. ‘मी काय म्हणत होतो, बैठक जरा पुढे घेऊ या का?’ असे बोलताना आपण काल काही म्हटलेले नसते. ‘म्हणत होतो’ने बोलणारा स्वतः एक पाऊल मागे सरकतो आणि समोरच्याला नकार देणे सोपे होते. ‘वॉज वंडरिंग’ हे त्याच जातीचे आहे. ‘कॅन’ऐवजी ‘कुड’ आणि ‘मे’ऐवजी ‘माइट’ ही रूपे घेतानाही इंग्रजी भाषक असेच मागे सरकत असतो. ‘परहॅप्स वुई माइट’ हे सर्वांत मऊ टोक आहे. ज्येष्ठांच्या बैठकीत त्यांच्याहून वेगळे मत मांडताना ते उपयोगी पडते, पण मित्राला पाणीपुरी खायला नेताना ते परके वाटेल.

पाचवी पायरी: लेखी प्रस्तावात ‘-वे’ आठवा

‘सजेस्ट’ हे क्रियापद आपल्याकडे फार चुकते. ‘ही सजेस्टेड अस टु गो’ आणि ‘प्लीज सजेस्ट मी अ हॉटेल’ ही वाक्ये भारतात सर्रास ऐकू येतात, पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकाला ती खटकतात. बरोबर घडणी दोन आहेत: ‘ही सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट वुई गो’. ‘कोणाला’ हे सांगायचेच असेल तर मध्ये ‘टु’ घालावे, म्हणजे ‘सजेस्ट अ हॉटेल टु मी’. ‘रेकमेंड’ बहुतांशी याच वाटेने जाते. ‘प्रपोज’चे दोन अर्थ मात्र ध्यानात ठेवावेत. ‘आय प्रपोज टु रिझाइन’ म्हणजे ‘माझा राजीनामा देण्याचा विचार आहे’, आणि ‘आय प्रपोज दॅट वुई वेट’ म्हणजे ‘आपण थांबावे असे मी सुचवतो’.

या ‘दॅट’नंतर क्रियापद मूळ रूपात येते: ‘आय सजेस्ट दॅट ही गो’. ‘गोज’ नाही. ब्रिटनमध्ये ‘दॅट ही शुड गो’ असेही लिहितात. हे लक्षात ठेवण्याची खूण मराठीतच आहे. जेथे आपण ‘त्याने जावे’, ‘करण्यात यावे’ असे विध्यर्थी रूप वापरतो, तेथे इंग्रजीत हे उघडे मूळ रूप येते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांची इतिवृत्ते ज्यांनी लिहिली आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. ‘लिफ्टच्या देखभालीच्या कराराचे नूतनीकरण करण्यात यावे’ या ठरावाचे इंग्रजी ‘रिझॉल्व्हड दॅट द लिफ्ट मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट बी रिन्यूड’ असे होते. येथे ‘बी’च्या जागी ‘इज’ लिहिले, तर ठरावाचे विधान होते आणि करार आधीच नूतनीकृत असल्याचा अर्थ निघतो. आपले सूचक आणि अनुमोदक इंग्रजीत ‘प्रपोझर’ आणि ‘सेकंडर’ असतात. अमेरिकेतल्या सभेत सूचक ‘आय मूव्ह दॅट’ने सुरुवात करतो आणि अनुमोदक ‘सेकंड’ एवढेच म्हणतो.

सभेच्या भाषेतला एक शब्द विशेष जपून वापरावा, तो म्हणजे ‘टेबल’. ब्रिटनमध्ये ‘लेट्स टेबल इट’ म्हणजे विषय चर्चेला घेऊ या, आणि अमेरिकेत म्हणजे तो तूर्त बाजूला ठेवू या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या एका संयुक्त बैठकीत या शब्दावरून लांबलचक वाद झाला आणि दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती हे नंतर कळले, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे. दोन्ही देशांतले लोक बैठकीत असतील तर ‘लेट्स डिस्कस इट नाऊ’ किंवा ‘लेट्स लीव्ह इट फॉर नाऊ’ असे सरळ म्हणावे.

सहावी पायरी: इच्छा कोणती ते ओळखा

आपल्याकडे ‘विश’ची पहिली भेट शुभेच्छापत्रावर होते. त्यामुळे कोणत्याही चांगल्या इच्छेला ‘विश’ लावण्याची सवय जडते आणि ‘आय विश वुई विल विन’ असे वाक्य तयार होते. शुभेच्छेत ‘विश’पुढे नाम येते: ‘आय विश यू सक्सेस’. पूर्ण वाक्य जोडायचे आणि ती गोष्ट घडण्याजोगी असेल, तर ‘होप’ घ्यावे: ‘आय होप वुई विन’. वाक्यासह येणारे ‘विश’ हे नसलेल्या गोष्टीसाठी राखलेले आहे.

त्यामुळेच त्याच्यापुढे क्रियापद एक पाऊल मागच्या काळात जाते. ‘आपण जवळ राहत असतो तर किती बरे झाले असते’ यात ‘असतो’, ‘असते’ ही रूपे जे सांगतात, ते ‘आय विश वुई लिव्हड क्लोजर’ मधला भूतकाळ सांगतो: आपण आज जवळ राहत नाही. होऊन गेलेल्या गोष्टीची हळहळ असेल तर आणखी एक पाऊल मागे जावे: ‘आय विश वुई हॅड लेफ्ट अर्लियर’, म्हणजे ‘लवकर निघालो असतो तर’. ‘इफ ओन्ली वुई हॅड लेफ्ट अर्लियर’ यात तीच हळहळ अधिक तीव्र होते. हे दोन शब्द उलटे करून ‘ओन्ली इफ’ केले, की हळहळ जाऊन अट येते.

याच कुळातल्या आणखी दोन घडणी कामाच्या आहेत. ‘इट्स टाइम वुई लेफ्ट’ हे वाक्य अजून निघालेलो नसताना म्हणतात, ‘आता निघायला हवे’ या अर्थी. ‘आय वुड रादर वुई डिडन्ट’ म्हणजे ‘आपण ते न केलेले बरे’, आणि समूहाच्या बेताला सभ्यपणे विरोध करण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

‘आय विश वुई कुड’ हे उत्तर ओळखता आले नाही, तर गैरसमज निश्चित होतो. आपण कुटुंबासह जेवायला बोलावले आणि उत्तर आले, ‘ओह, आय विश वुई कुड!’ आवाजात आनंद आहे, ‘विश’ आहे, ‘कुड’ आहे, आणि म्हणून आपण पाने वाढायच्या तयारीला लागतो. वाक्याचा अर्थ मात्र ‘यायला फार आवडले असते, पण जमणार नाही’ असा आहे. तो पूर्ण नकार आहे आणि त्यावर आग्रह करू नये. ‘वुई वुड लव्ह टु’ यानंतर ‘बट’ आले तरी तेच, आणि ‘बट’ आले नाही तर होकार.

सातवी पायरी: तारखेवाचूनचा बेत

निरोप घेताना इंग्रजी भाषक ‘वुई मस्ट गेट टुगेदर समटाइम’ असे म्हणतात. ‘मस्ट’ पाहून आपण निमंत्रणाची वाट पाहत बसतो. हे आपल्या ‘या एकदा घरी’सारखे आहे: त्यात स्नेह खरा असतो, बेत मात्र अजून झालेला नसतो. परदेशात नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांना अशा वेळी वाटते की लोक बोलतात आणि विसरतात. तसे नसते. दार उघडे आहे एवढेच त्यांनी सांगितलेले असते, आणि भेटीची इच्छा असेल तर आत जाणारे वाक्य आपणही बोलू शकतो. ‘समटाइम’ला त्याच बोलण्यात दिवस जोडावा: ‘वुई वुड लाइक दॅट. हाऊ अबाउट सॅटर्डे आफ्टरनून?’ दिवस नेमका ठेवावा, पण एकच पक्का धरून बसू नये. ‘सॅटर्डे इज ट्रिकी’ असे उत्तर आले आणि त्यापुढे दुसरा दिवस आला, तर भेट ठरली असे समजावे. दुसरा दिवस आला नाही, तर ‘नो वरीज, लेट मी नो व्हॉट वर्क्स फॉर यू’ असे लिहून पुढचे पाऊल त्यांच्यावर सोपवावे आणि पुन्हा विचारू नये.